पुढच्या रेडिऑन कार्डाला किती मॉनिटर जोडता येतील?

नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात येण्याच्या कितीतरी महिने आधी अफवा सुरू होतात. कोअर किती, मेमरी किती, आधीच्या कार्डापेक्षा वेग किती टक्के जास्त, किंमत काय. तीन-चार स्क्रीन मांडून शेअर बाजाराचे चार्ट पाहणारा, व्हिडिओ संपादित करणारा किंवा कोड लिहिणारा माणूस हे सगळं वाचतो, पण त्याच्या कामाचं त्यात काहीच सापडत नाही. त्याला वेगळंच विचारायचं असतं: एका कार्डाला किती मॉनिटर लागतील? ते पूर्ण रिफ्रेश रेटवर, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याच्या पूर्ण वेगाने, चालतील का? काही काम नसताना पंखे घोंघावत तर राहणार नाहीत? आणि यासाठी नव्या कार्डाची वाट पाहावी की आत्ता मिळतंय ते घ्यावं?

हा लेख एएमडीच्या रेडिऑन कार्डांबद्दल आहे, आणि त्याला कारण आहे. एकाच गेमिंग कार्डावर तीन किंवा अधिक मॉनिटर ही सोय २००९ मध्ये आयफिनिटी या नावाने एएमडीने रुळवली. शिवाय एएमडीचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे लिनक्समध्ये कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, सर्वांना वाचायला खुला आहे. त्यामुळे पुढच्या कार्डाबद्दलचा अंदाज हवेत न बांधता पुराव्यावर बांधता येतो.

सॉकेट मोजून उत्तर मिळत नाही

कार्डाच्या पाठीमागे चार सॉकेट दिसले की चार मॉनिटर लागतील, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ही संख्या चिपच्या आत ठरते. मेमरीत तयार असलेलं चित्र ओळीओळीने वाचून ठरलेल्या वेळेला मॉनिटरकडे पाठवणारा एक भाग चिपमध्ये असतो, त्याला डिस्प्ले पाइप म्हणू. प्रत्येक मॉनिटरला असा स्वतंत्र पाइप लागतो. एसटी स्थानकावर फलाट सहा असले तरी चालक चारच हजर असतील, तर सुटतील चारच गाड्या. सॉकेट हे फलाट, पाइप हे चालक.

२००९ च्या रेडिऑन एचडी ५८७० वर चार सॉकेट होते: दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट. एकावेळी मॉनिटर मात्र तीनच चालत, आणि त्यातला तिसरा डिस्प्लेपोर्टनेच जोडावा लागे. कारण डीव्हीआय आणि एचडीएमआयला स्वतंत्र घड्याळ-संकेत लागतो आणि ते तयार करणारे भाग चिपवर दोनच होते. त्याच चिपवर २०१० मध्ये सहा मिनी डिस्प्लेपोर्टचं आयफिनिटी ६ हे खास कार्ड निघालं आणि त्यावर सहा मॉनिटर चालले. चिप तीच, फक्त पाठीमागची मांडणी बदलली.

याच्या उलटही घडतं. गिगाबाइट या कंपनीच्या आरटीएक्स ३०८० ऑरस मास्टर कार्डावर तीन एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट, म्हणजे सहा सॉकेट आहेत. पण एनव्हिडिया या एएमडीच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या त्या चिपची मर्यादा चार मॉनिटरची असल्यामुळे पाचवा जोडला तरी काळाच राहतो. स्वस्तातलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी घेणाऱ्या अनेकांची अशीच पंचाईत झाली. २०२२ चं हे नवं कार्ड, पण त्याला दोनच मॉनिटर जोडता येतात. जुन्या कार्डावर तीन स्क्रीन चालवणाऱ्याने हे न पाहता ते घेतलं, तर नवं कार्ड आणून एक स्क्रीन कमी होते.

लांब पल्ल्याच्या गाडीला दोन चालक लागतात, तसा प्रकार इथेही आहे. ४के (३८४० गुणिले २१६० पिक्सेल) आणि २४० हर्ट्झसारख्या (सेकंदाला २४० चित्रं) जड मॉनिटरला एक पाइप पुरत नाही, म्हणून चिप दोन पाइप जोडून त्याला देते. आरटीएक्स ४०९० च्या अधिकृत माहितीतच लिहिलं आहे: ४के १२० हर्ट्झचे चार मॉनिटर, किंवा ४के २४० हर्ट्झचे दोन. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये अशा जोडणीला ओडीएम कंबाइन म्हणतात. एक मोठा गेमिंग मॉनिटर आणि शेजारी तीन साधे अशी मांडणी असेल आणि चौथा उजळत नसेल, तर केबल बदलण्याआधी मोठ्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट १२० वर आणून पाहा. चौथा लगेच उजळला, तर दोष केबलचा नाही, पाइप संपले होते.

केबलमधून किती माहिती जाते

हा हिशेब कागदावर करता येतो. आडवे पिक्सेल गुणिले उभे पिक्सेल गुणिले रिफ्रेश रेट गुणिले प्रत्येक पिक्सेलचे बिट. साधा रंग २४ बिटांचा, एचडीआरसाठी (उजेड-अंधाराची जास्त मोठी श्रेणी दाखवणाऱ्या चित्रासाठी) ३०. फुल एचडी ६० हर्ट्झला सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात, ४के ६० हर्ट्झला १२, एचडीआरसह ४के १४४ हर्ट्झला ३६. दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेसाठी यात आणखी पाच-दहा टक्के धरावे लागतात, २४० हर्ट्झच्या आसपास त्याहूनही जास्त.

आता केबलची बाजू. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून प्रत्यक्ष उपयोगाचे २५.९२ गिगाबिट जातात. त्यात १४४ हर्ट्झचा ४के एचडीआर मॉनिटर बसत नाही. तो चालतो तो डीएससीमुळे, म्हणजे चित्र पाठवतानाच दाबून लहान करण्याच्या पद्धतीमुळे. डोळ्याला सहसा फरक कळत नाही. पण एनव्हिडियाच्या कार्डांवर दोन पाइप खर्ची पडण्याचे प्रकार बहुतेक वेळा डीएससी आणि मोठा रिफ्रेश रेट एकत्र आल्यावरच होतात.

डिस्प्लेपोर्ट २.१ मध्ये यूएचबीआर हे अक्षरी नाव आणि पुढे एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे एका मार्गिकेचा वेग, आणि केबलमध्ये अशा चार मार्गिका असतात. यूएचबीआर १३.५ म्हणजे ५४ गिगाबिट, यूएचबीआर २० म्हणजे ८०. खोक्यावर नुसतं '२.१' छापलेलं असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आणि मार्च २०२५ मध्ये आलेलं आरएक्स ९०७० एक्सटी, दोन्हींवर १३.५ आहे. एनव्हिडियाने जानेवारी २०२५ पासूनच्या आरटीएक्स ५० मालिकेत थेट २० दिला.

हा फरक कागदावरचाच नाही. सॅमसंगचा ५७ इंची ओडिसी निओ जी९ हा २०२३ चा मॉनिटर ७६८० गुणिले २१६० पिक्सेलचा, म्हणजे शेजारी-शेजारी दोन ४के इतका आहे. आरएक्स ७९०० एक्सटीएक्सवर तो २४० हर्ट्झला चालला, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी महाग असलेल्या आरटीएक्स ४०९० वर १२० लाच अडकला. गेममध्ये वरचढ असलेलं कार्ड मॉनिटरच्या बाबतीत खाली राहू शकतं, ते असं.

काम बंद असताना कार्ड गरम का होतं?

अनेक मॉनिटर वापरणाऱ्यांची सर्वात मोठी तक्रार हीच असते, आणि तिचं कारण सर्वात कमी लोकांना माहीत असतं. डेस्कटॉप नुसता उघडा आहे, कुठलाही गेम चालू नाही. एका मॉनिटरवर कार्ड थोडीशीच वीज घेतं. दुसरा जोडला की आकडा एकदम उडी मारतो.

पहिली शंका येते की चित्र जास्त, म्हणून वीज जास्त. हिशेब तसं सांगत नाही. ४के ६० हर्ट्झचं चित्र मेमरीतून सतत वाचायला सेकंदाला सुमारे २ गिगाबाइट लागतात. चार मॉनिटरचे ८. आरएक्स ९०७० एक्सटीच्या मेमरीची क्षमता ६४० गिगाबाइट आहे. म्हणजे सव्वा टक्का काम.

खरं कारण वेळेचं आहे. काम नसताना कार्ड मेमरीचा वेग उतरवतं. वेग बदलताना मेमरी क्षणभर वाचता येत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी चित्र पाठवणं चालू असेल तर स्क्रीनवर चमक किंवा रेघ दिसते. म्हणून हा बदल एक चित्र संपून दुसरं सुरू होण्यामधल्या फटीत करावा लागतो. नेहमीच्या सपाट मॉनिटरच्या प्रमाणित वेळापत्रकात ही फट किमान ४६० मायक्रोसेकंदांची असते. एकच मॉनिटर असेल तर फट दर वेळी हमखास मिळते. दोन मॉनिटर असतील, एक १४४ हर्ट्झचा आणि दुसरा ६० चा, तर दोघांच्या फटी एकाच वेळी येण्याची खात्री नसते. मग ड्रायव्हर सुरक्षित मार्ग धरतो: मेमरी कायम वरच्या वेगावर.

आरएक्स ७९०० मालिका डिसेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा हा त्रास इतका होता की, ठरावीक मोठ्या मॉनिटरवर काम नसतानाही जास्त वीज खेचली जाते हे एएमडीनेच आपल्या ड्रायव्हर-टिपणात अडचण म्हणून नोंदवलं. पुढे ते बरंच सुधारलं. आरडीएनए ४, म्हणजे आरएक्स ९००० च्या पिढीत या कारणासाठी डिस्प्लेच्या भागावर मुद्दाम काम केल्याचं एएमडीने २०२५ च्या हॉट चिप्स परिषदेत सांगितलं.

घरच्या बिलात हे किती? समजा ६० वॅट जादा जात आहेत. रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १२० रुपये. रक्कम फार नाही, पण उष्णता आणि पंख्याचा आवाज दिवसभर शेजारी बसतो, आणि उन्हाळ्यात तो जाणवतो.

आत्ताच्या कार्डावर करून पाहण्यासारखं बरंच आहे. एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्सखाली मेट्रिक्स उघडा आणि मेमरीच्या घड्याळाचा आकडा पाहा. काही काम नसताना तो वरच्या टोकाला चिकटलेला असेल तर निदान झालं. सर्व मॉनिटर एकाच रिफ्रेश रेटवर आणा. १४४ आणि ६० ऐवजी सगळे ६०, किंवा जमत असेल तर सगळे १२०. एकाच मॉडेलचे मॉनिटर असतील तर वेळापत्रक जुळण्याची शक्यता सर्वात जास्त. फ्रीसिंक (कार्डाच्या वेगानुसार मॉनिटरने रिफ्रेश रेट बदलण्याची सोय) असलेल्या मॉनिटरवर ते चालू करून पाहा. एवढ्याने भागलं नाही तर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी या छोट्या प्रोग्रॅमने ती फट थोडी रुंद करता येते. पण एकावेळी एकाच मॉनिटरची सेटिंग बदला आणि आधीची लिहून ठेवा, कारण चुकीच्या आकड्याने स्क्रीन काळी होते आणि मग सेफ मोडमध्ये जाऊन ते निस्तरावं लागतं.

पुढच्या कार्डाकडून काय धरून चालावं?

आधी संख्या. माझा अंदाज: गेमिंगच्या वरच्या कार्डांवर पुन्हा चारच मॉनिटर. लिनक्स ड्रायव्हरमध्ये चिपच्या प्रत्येक पिढीच्या डिस्प्ले भागाला डीसीएन आणि पुढे क्रमांक असतो, आणि त्या फायलीत टायमिंग जनरेटर, म्हणजे मॉनिटरला वेळेवर चित्र पाठवणारे भाग, किती हे सरळ लिहिलेलं असतं. एकावेळी किती मॉनिटर चालतील हे त्यावरून कळतं. आरएक्स ६८०० च्या चिपचा डीसीएन ३.०, त्यात सहा. आरएक्स ७९०० चा ३.२, त्यात चार. आरएक्स ९०७० चा ४.०.१, त्यातही चार. म्हणूनच जुन्या चिपवरच्या रेडिऑन प्रो डब्ल्यू६८०० ला सहा मिनी डिस्प्लेपोर्ट मिळाले आणि त्यानंतरच्या, त्याहून महाग डब्ल्यू७९०० ला चारच. एएमडीने सहावरून चारवर येणं समजून-उमजून स्वीकारलं आहे. चिपवरची जागा महाग आहे, आणि गेमिंग कार्ड घेणारे बहुतेक लोक एक किंवा दोनच मॉनिटर लावतात. ही वाट एएमडी उलटी चालेल असं मला वाटत नाही.

वेगाबाबत मात्र मी आशावादी आहे. डब्ल्यू७९०० आणि आरएक्स ७९०० एक्सटीएक्स यांची चिप एकच, तरी पहिल्यावर यूएचबीआर २० आहे आणि दुसऱ्यावर १३.५. म्हणजे ८० गिगाबिटची क्षमता एएमडीकडे २०२३ पासून आहे, फक्त ती व्यावसायिक कार्डांपुरती ठेवली गेली. प्रतिस्पर्ध्याने ती गेमिंग कार्डावर आणल्यानंतर पुढच्या रेडिऑनवर ती न देणं एएमडीला अवघड जाईल. एचडीएमआय २.२ ची ९६ गिगाबिटची प्रमाणपद्धत जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नव्या कार्डावर आलीच, तरी तेवढा वेग मागणारे मॉनिटर येईपर्यंत चार साध्या स्क्रीनवाल्याला तिचा काही उपयोग नाही.

गेमिंगची आरडीएनए आणि डेटा सेंटरची सीडीएनए या दोन शाखा पुढे यूडीएनए नावाखाली एक करणार, असं एएमडीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. त्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध जवळपास नाही, कारण सीडीएनएच्या कार्डांना मॉनिटरचा सॉकेटच नसतो. डिस्प्लेचा भाग वेगळाच वाढतो.

कोणत्या अफवेला किती वजन द्यावं?

लिनक्स ड्रायव्हरमधले बदल सर्वात भरवशाचे, कारण ते खुद्द कंपनीचे अभियंते लिहितात आणि कार्ड येण्याच्या काही महिने आधी ते दिसू लागतात. युरेशियन आर्थिक आयोगाकडे एएमडीच्या चिपवर कार्ड बनवणाऱ्या भागीदार कंपन्या कार्डांची नावं नोंदवतात, त्याच्याही बातम्या होतात. पण तिथे कधीच बाजारात न येणाऱ्या मेमरीच्या आवृत्त्याही नोंदलेल्या असतात, आणि सॉकेटची माहिती तर नसतेच. आयात-निर्यातीच्या नोंदी हा तिसरा स्रोत, आणि यात भारताचा थेट संबंध आहे: चाचणीसाठी भारतातल्या केंद्रांकडे येणाऱ्या बोर्डांच्या नोंदी झौबा या संकेतस्थळावर दिसत, आणि जगभरचे लोक त्यावरून अंदाज बांधत. त्यातून बोर्डाचं सांकेतिक नाव कळतं, मॉनिटरची संख्या नाही.

पाठीमागच्या पट्टीचा फोटो फुटला तर तो सॉकेट सांगतो, पाइप सांगत नाही. आणि तोही एका भागीदाराच्या एका मॉडेलचा असतो. त्याच चिपचं दुसऱ्याचं कार्ड दोन डिस्प्लेपोर्ट आणि दोन एचडीएमआय घेऊन येऊ शकतं.

चार पुरत नसतील तर?

"मग डिस्प्लेपोर्टचा हब लावू," असं पुष्कळ जण म्हणतात. एमएसटी हबने एका सॉकेटमधून दोन-तीन मॉनिटर निघतात हे खरं. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या एका सॉकेटमधून ४के ६० हर्ट्झचे दोन मॉनिटर जेमतेम बसतात. पण हब फलाट वाढवतो, चालक नाही; कार्डाची चारची मर्यादा तशीच राहते. हबचा खरा उपयोग तीन सॉकेटच्या कार्डावर चौथा मॉनिटर लावायला, तोही चिपमध्ये चौथा पाइप असेल तरच. मॅकओएस एमएसटीवरून वेगवेगळे डेस्कटॉप दाखवत नाही, तिथे हा मार्ग बंद.

पाचव्या-सहाव्या स्क्रीनसाठी सर्वात स्वस्त उपाय बहुधा आधीच घरात असतो: प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवा. वेगळं कार्ड बसवलं की अनेक बोर्ड ते आपोआप बंद करतात. विंडोजला दोन्हींवरचे मॉनिटर मिळून एकच डेस्कटॉप करता येतो. ईमेल, चार्ट, लॉग अशा स्थिर गोष्टी त्या स्क्रीनवर ठेवा. एका चिपवर चालणारा व्हिडिओ ओढून दुसऱ्या चिपच्या स्क्रीनवर नेला तर प्रत्येक चित्राची नक्कल करावी लागते, आणि तो कधी अडखळतो. तसंच आयफिनिटीने अनेक स्क्रीन मिळून एक सलग पृष्ठभाग करायचा असेल तर त्या सगळ्या एकाच रेडिऑन कार्डाला लागलेल्या हव्यात.

यूएसबीला जोडायचे डिस्प्लेलिंक अ‍ॅडॉप्टर दस्तऐवज आणि तक्त्यांसाठी ठीक आहेत. त्यात चित्र दाबण्याचं काम प्रोसेसर करतो, म्हणून व्हिडिओ आणि गेमसाठी ते घेऊ नका.

जास्त मेमरीचं कार्ड लागेल का?

डेस्कटॉपसाठी नाही. ४के चं एक चित्र ३३ मेगाबाइटचं असतं. चार मॉनिटर आणि प्रत्येकी दोन चित्रं धरली तरी २६५ मेगाबाइट. उघड्या खिडक्या आणि ब्राउझर त्याहून जास्त खातात, तरी ८ गिगाबाइटचं कार्ड पुरून उरतं.

तीन मॉनिटर जोडून गेम खेळायचा असेल तर गोष्ट निराळी. १४४०पीचे (२५६० गुणिले १४४० पिक्सेल) तीन मॉनिटर म्हणजे सुमारे १.११ कोटी पिक्सेल, एका ४के पेक्षा एक तृतीयांश जास्त. ४के चे तीन म्हणजे जवळपास अडीच कोटी. तिथे कार्डाची ताकद आणि मेमरी दोन्ही लागतात, आणि फक्त तिथेच वेगाच्या अफवा आपल्या कामाच्या ठरतात.

थांबायचं कोणी?

४के ६० हर्ट्झचे दोन ते चार मॉनिटर कामासाठी लावणाऱ्याने थांबण्याचं कारण नाही. आत्ताची चार सॉकेटची कार्डं हे काम सहज करतात, आणि पुढचं कार्ड यात वेगळं काही देणार नाही. घेताना त्या नेमक्या मॉडेलच्या पानावर 'कमाल मॉनिटर' हा आकडा वाचा. आरएक्स ९०६० एक्सटीच्या बहुतेक बोर्डांवर तीनच सॉकेट आहेत.

सहा स्क्रीन एकाच कार्डावर हव्या असतील तर नव्या गेमिंग कार्डाची वाट पाहण्यापेक्षा डब्ल्यू६८०० सारखं सहा मिनी डिस्प्लेपोर्टचं व्यावसायिक कार्ड शोधा, किंवा चार कार्डावर आणि दोन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर अशी विभागणी करा.

थांबण्यात खरा फायदा ४के २४० हर्ट्झचे एकाहून अधिक मॉनिटर लावणाऱ्याचा. यूएचबीआर २० वर असा मॉनिटर एचडीआरसह, चित्र न दाबता बसतो, १३.५ वर बसत नाही. पण त्यासाठी मॉनिटरलाही तोच वेग हवा आणि केबल डीपी८० प्रमाणित, म्हणजे ८० गिगाबिटसाठी तपासलेली, हवी. साधी केबल लावली तर स्क्रीन मधूनच सेकंदभर काळी होते किंवा रिफ्रेश रेट गुपचूप खाली येतो, आणि दोष नव्या कार्डावर जातो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. एचडीएमआय २.१ चा पूर्ण वेग आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये देण्याची एएमडीची तयारी होती, पण प्रमाणपद्धत सांभाळणाऱ्या एचडीएमआय फोरमने नकार दिल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आलं. कार्ड कितीही नवं असलं तरी हा अडथळा कार्डाचा नाही. जे मॉनिटर पूर्ण वेगाने चालवायचे आहेत ते डिस्प्लेपोर्टला लावा, आणि एचडीएमआयचा सॉकेट ६० हर्ट्झच्या स्क्रीनसाठी ठेवा.